सिस्टरच्या माशा, मनकर्णाबाईंची गुढी

सिंदी मेघेच्या आमच्या ले-आऊटमध्ये थूल सिस्टरच्या माशा कुणाला चावत नाहीत. चावल्याच, तर चूक चावून घेणाऱ्याची असते.

"तुमी हात झटकला असन," मीराबाई थूल चष्म्याच्या वरून बघत म्हणतात. समोरचा माणूस सुजलेला गाल धरून उभा असतो. त्या नखानं काटा अलगद काढतात, गालावर चुना फासू पाहणाऱ्याला दटावतात, चमचाभर मध चाटवतात आणि वर सांगतात, "उद्या दाखवून जाजो." माशी चावलेला गाल दुसऱ्या दिवशी कुणी दाखवायला जात नाही. पण मधाच्या चमच्यासाठी बरेच जण जातात.

मीराबाईंची सगळी नोकरी आरोग्य खात्यात, खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर गेली. निवृत्त झाल्या तरी सिस्टरपण काही निवृत्त झालं नाही. त्यांच्या घरात शिरलं की आधी फिनाइलचा वास येतो, मग मीराबाई दिसतात. भाजी त्या लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पोस्टमन आला तर त्यालाही चपला कुठे काढायच्या ते दाखवतात. यजमान गेल्यावर, आणि मुलगा विवेक पुण्याला नोकरीला लागल्यावर, पुसायला घर तेवढंच राहिलं आणि वेळ मात्र वाढला. तेव्हा त्या कुठल्याशा संस्थेत जाऊन मधमाशा पाळायचं शिकून आल्या आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक लाकडी पेटी मांडली.

त्यांच्या पहिल्या माशा पावसाळ्यात गेल्या. पेटीत कीड लागली, पोळ्याला जाळं धरलं आणि मीराबाईंनी ती पेटी नाक दाबून घंटागाडीत दिली. दुसरी नवी पेटी आणली, नव्या माशा आणल्या. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. वाट्यांतलं पाणी रोज बदलायच्या. माशांना रोज विचारायच्या, "काय म्हणते तब्येत?"

त्यांच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, मनकर्णाबाई आणि अण्णाजी राहतात. मूळचे अल्लीपूरचे, शेती अजून तिकडेच. अण्णाजी तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, आणि मनकर्णाबाई कशातूनच निवृत्त न झालेल्या. त्यांच्या घरात आलेली वस्तू परत बाहेर जात नाही. फुटकी बादली, तेलाचे डबे, सायकलचं एक चाक, तुराट्यांच्या पेंढ्या, कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळ्या. "पुढं कामाले येते," असं त्या म्हणतात.

"मनकर्णाबाई, तुमच्या घरात विंचूबी वाट चुकन," मीराबाई भिंतीवरून म्हणायच्या.

"अन् तुमच्या घरी झुरळबी जोडे काढून येते," मनकर्णाबाई म्हणायच्या.

इतकं झालं की एकीकडून ताटली यायची, दुसरीकडे जायची. पाडव्याला मनकर्णाबाईंकडून पुरणपोळी, चौदा एप्रिलला मीराबाईंकडून खीर. रिकामी ताटली परत पाठवायची नाही, ही रीत दोघीही पाळत. मीराबाई मात्र आलेली ताटली रिकामी झाल्यावर दोनदा घासत, आणि ते मनकर्णाबाईंना माहीत होतं.

मागच्या पावसाळ्यात मीराबाई न्हाणीघरात घसरल्या. फरशी इतकी घासलेली होती की पाय टिकायला जागाच नव्हती. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. विवेक पुण्याहून धावत आला, आठ दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "आई, आता पुरे. चल माझ्यासोबत."

"अन् माशा?"

"माशांसाठी कोणी इथं एकटं राहतं का?"

"मी राह्यतो."

दिवाळीत तो पुन्हा त्याच विषयावर आला. आई काही ऐकेना. शेवटी तो म्हणाला, "बरं, माशा आहेत तोवर तू इथं. पण माशा गेल्या की पुण्याला. मग कारण सांगायचं नाही."

"कबूल," मीराबाई म्हणाल्या. "अन् त्या जातीन कशाले? त्यांले इथं काय कमी हाये?"

तेव्हापासून विवेकचा रोज संध्याकाळी फोन यायचा. तो आईच्या तब्येतीचं नंतर विचारायचा. आधी विचारायचा, "माशा आहेत का?" आणि मीराबाई दर वेळी छाती पुढे काढून सांगायच्या, "हायेत."

ले-आऊटमधल्या लोकांना वाटायचं, सिस्टर मधासाठी माशा पाळतात. खोकल्याला बरा, डोळ्यांना बरा, असं त्या स्वतःही सांगायच्या. माशा कशासाठी आहेत ते फक्त मनकर्णाबाईंना माहीत होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. कधी नव्हे ती एक गोष्ट त्यांनी मनातच ठेवली.

पाडव्याला जोडून सुट्टी आली म्हणून विवेक आला. तो येणार म्हटल्यावर मीराबाईंनी घर वरपासून खालपर्यंत धुवून काढलं. पडदे धुतले, पंखे पुसले, कुंड्या पुसल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी पेटी उघडून पाहिली, तर खालच्या फळीवर चारदोन मेलेल्या माशा, थोडा मेणाचा भुगा आणि दोन मुंग्या. दोन मुंग्या म्हणजे मीराबाईंच्या लेखी साथच. हातात फडकं होतंच. फडक्याला जे होतं ते होतंच. त्यांनी फळी पुसली, झाकण आतून पुसलं, कोपरे बोट घालून पुसले. बाळंतिणीची खोली पुसावी तशी माशांची खोली पुसली आणि समाधानानं खाली आल्या.

पाडव्याच्या सकाळी अण्णाजींनी फाटकाजवळ गुढी उभारली. वेळूची काठी, मनकर्णाबाईंच्या लग्नातल्या शालूचा काठ, कडुनिंबाचा मोहोर आलेला डहाळा, साखरेच्या गाठी आणि वर पालथा तांब्याचा गडू. विवेक अंगणात चहा पीत होता. तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला. कुणी गिरणी सुरू केल्यासारखा.

मीराबाई हातातलं लाटणं घेऊन गच्चीवर धावल्या. पेटीच्या फटीतून माशा बाहेर ओतत होत्या. सुरुवातीला दोरीसारख्या, मग धुरासारख्या. मीराबाईंनी बादलीतलं पाणी मगानं वर उडवलं, पाऊस आला असं माशांना वाटावं म्हणून. पाणी त्यांच्याच अंगावर पडलं. माशांचा ढग टाकीभोवती दोनदा फिरला, शेवग्याच्या शेंड्यावर जरा थांबला आणि भिंत ओलांडून पलीकडे गेला.

"आई, गेल्या?" विवेकनं खालून विचारलं. आवाजात आनंद नव्हता. पण दुःखही फार नव्हतं.

"गेल्या कुठं? त्या काय दिसून राह्यल्या."

त्या खरंच दिसत होत्या. अण्णाजींच्या गुढीवर, गडूच्या गळ्यापासून शालूच्या काठापर्यंत, लांबट दुधी भोपळ्याएवढा एक काळपट घड लटकला होता आणि हलत होता. कडुनिंबाचा डहाळा दिसेनासा झाला होता. गाठींच्या साखरेवर दहाबारा माशा आधीच कामाला लागल्या होत्या.

मनकर्णाबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या. मग दुरूनच चिमूटभर कुंकू गुढीच्या दिशेनं उडवून त्यांनी हात जोडले. "लक्ष्मी आली व माय! पाडव्याच्या दिवशी, माह्या दारात!"

बघता बघता फाटकाबाहेर माणसं जमली. वर्षभर ज्यांनी सिस्टरच्या माशांबद्दल कुरकुर केली होती, ते सगळे मोबाईल वर धरून माशांचे फोटो घेऊ लागले.

इकडे विवेकनं गच्चीवर येऊन रिकाम्या पेटीचं झाकण उचललं, आत वाकला आणि पटकन मान मागे घेतली.

"आई."

"काय?"

"फिनाइल?"

मीराबाईंनी पदराला हात पुसले. "मुंग्या होत्या," त्या म्हणाल्या.

विवेक हसायला लागला. इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. मीराबाई हसल्या नाहीत. पोरगं हसून झाल्यावर काय म्हणणार ते त्यांना ठाऊक होतं. तो म्हणालाही, पण हळूच. "आई, दिवाळीत आपलं काय ठरलं होतं?"

"शेजारी गेल्या त्याले गेल्या म्हणत नाई," मीराबाई म्हणाल्या आणि जाळीची टोपी घेऊन फाटकाबाहेर पडल्या.

पलीकडे वेगळाच प्रसंग होता. अण्णाजी अंगणात हेल्मेट घालून उभे होते. मागच्या वर्षी मीराबाईंच्या माशीनं त्यांची भुवई धरली होती, आणि हात झटकल्याचा ठपकाही त्यांच्यावरच आला होता.

"सिस्टर, ह्या माशा उतरवा बरं," हेल्मेटमधून अण्णाजी म्हणाले. "सूर्य बुडाच्या आत गुढी उतरली पायजे. आजवर कधी चुकलं नाई."

"त्यासाठीच तं आलो. मनकर्णाबाई, माह्या माशा—"

"कोणाच्या माशा?" मनकर्णाबाई पायरीवर बसल्या. त्यांनी पदर नीट केला. "गुढी माही, दार माहं. पाडव्याले चालत आलेली लक्ष्मी कोणी देते का?"

"अव बाई, त्या माह्या पेटीतून आल्या!"

"आल्या न? मंग काऊन आल्या? तुमी तं म्हणता, आमच्या घरी विंचूबी वाट चुकते. तुमच्या एवढ्या चकचकीत घरून त्या माह्या कचऱ्याच्या घरी काऊन आल्या?"

मीराबाईंजवळ उत्तर होतं, पण ते त्या अख्ख्या ले-आऊटसमोर सांगणार नव्हत्या. ते विवेकनं भिंतीवरून सांगितलं. "काकू, आईनं पेटी फिनाइलनं पुसली."

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. पदराच्या आड बराच वेळ काहीतरी चाललं. अण्णाजींचं हेल्मेटही हललं.

"हसा, हसा," मीराबाई म्हणाल्या. मग त्या मनकर्णाबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या. पायरी पुसलेली नव्हती, तरी बसल्या. हे पाहून मनकर्णाबाईंचं हसू जरा थांबलं. "ऐका. त्या इथं राह्यच्या नाईत. हे त्यांचं घर नोहे, टेकल्या हायेत निस्त्या. जागा पाह्याले चार माशा गेल्या असतीन. जागा भेटली की आज नाई तं उद्या सकाळी उठतीन अन् जातीन. मंग ना तुमच्या, ना माह्या."

"अन् तुमी पुण्याले," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या.

मीराबाईंनी जाळीची टोपी मांडीवर घेतली. गुढीकडे बघत राहिल्या.

"मंग घाला पेटीत," मनकर्णाबाई उठल्या. "बसून काऊन राह्यल्या?"

"कोणत्या पेटीत? त्या पेटीत त्या परत पाय ठेवत नाईत."

ती पेटी सगळ्यांनी मिळून धुतली. आधी नुसत्या पाण्यानं, मग उन्हात ठेवली, मग हुंगली. फिनाइल होतंच. मीराबाईंनी साबण लावला. मग फिनाइल आणि साबण दोन्ही आलं. विवेकनं कडुनिंबाचा पाला घासून पाहिला. "आता दवाखान्याच्या मागं निंबाचं झाड असल्यासारखा वास येतो," तो म्हणाला. ऊन कलायला लागलं होतं. अण्णाजी दर थोड्या वेळानं हेल्मेट वर करून सूर्य बघत होते.

मनकर्णाबाई मघाच मागच्या खोलीत गेल्या होत्या. आतून डबे पडल्याचे, काहीतरी ओढल्याचे आवाज येत होते. मग त्या कुशीत एक लाकडी खोकं घेऊन बाहेर आल्या. अंगणातल्या पोत्यावर त्यांनी ते उपडं केलं. त्यातून कांदे गडगडत बाहेर आले, मग थोडी कांद्याची टरफलं, मग एक कोळी.

मीराबाई उभ्या राहिल्या. "हे तं माही पेटी हाये! पयली!"

"होती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी घंटागाडीत टाकली. मी त्याच्या हातून घेतली. म्हटलं, पुढं कामाले येईन."

"दोन वर्षं कांदे ठेवले तिच्यात?"

"मंग काय पाणी भरू?"

मीराबाईंनी पेटी हातात घेतली. लाकूड काळं पडलं होतं. कोपऱ्यांत जुनं मेण घट्ट बसलेलं होतं. नाकाजवळ नेलं तर कांद्याच्या खाली, खूप खाली, मधाचा जुना वास होता. आत धूळ होती, जाळं होतं आणि कशाचा तरी डाग होता. मीराबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला.

मनकर्णाबाईंनी तो हात वरच्या वर धरला. "हात नाई लावाचा."

"निस्तं जाळं काढतो—"

"नाई म्हटलं न. जशी हाये तशीच. तुमची स्वच्छता एकदा पाह्यली माशांनी."

कोळ्याचं जाळं शेवटी विवेकनं काढलं, मनकर्णाबाईंच्या देखरेखीखाली, काडीनं. पेटीत पोळ्यासाठीच्या लाकडी चौकटी बसवल्या आणि ती गुढीच्या पायाशी ठेवली. अण्णाजींनी रेनकोट चढवला. मीराबाईंनी जाळीची टोपी घातली आणि वर पाहिलं.

"जन्मात कधी गुढी उभारली नाई मी," त्या म्हणाल्या. "अन् उतरवाले मात्र मीच."

"हळदीकुंकू वाह्याले लागते उतरवताना," मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या.

"ते तुमी वाहा. मी माशा पाहतो. ज्याचं काम त्यानं करावं. अण्णाजी, काठी हलू देऊ नका."

"हलत नाई," हेल्मेट म्हणालं. काठी हलत होती.

मीराबाईंचा आवाज बदलला. तो उपकेंद्रातला आवाज होता, अडलेल्या बाईच्या उशाशी बसून बोलायचा. "हळू. आणखी हळू. घाई नाई. काईच होत नाई. असं. येऊ द्या खाली." आता त्या अण्णाजींशी बोलत होत्या की माशांशी, कळत नव्हतं. काठी वाकत वाकत खाली आली. घड पेटीच्या बरोबर वर आला. मीराबाईंनी गडूची मान दोन्ही हातांनी धरली आणि एकच झटका दिला. ओल्या कणकेचा गोळा परातीत पडावा तसा तो सगळा घड पेटीत पडला. चारी बाजूंना माशा उसळल्या. अण्णाजी काठीसकट मागे सरले आणि तुराट्यांच्या पेंढीवर बसले.

मीराबाईंनी झाकण ठेवलं, बोटभर फट सोडली आणि पेटीसमोर उकिडव्या बसल्या. "आता चूप," त्या म्हणाल्या. "राणी आत असन तं बाकीच्या जातीन. नसन तं सगळ्या परत निघतीन."

माशा हवेत फिरत होत्या, काही गुढीच्या शालूवर परतल्या होत्या. मीराबाईंनी टोपीखाली ओठ आवळले होते. विवेक पुढे आला आणि आईच्या मागे उभा राहिला. पुण्याचं काही तो बोलला नाही. कधी नव्हे ते आईचे हात तिच्या मांडीवर रिकामे पडले होते. पुसत नव्हते, घासत नव्हते. तो त्या हातांकडे बघत होता.

मग फटीच्या तोंडाशी एक माशी उलटी उभी राहिली. शेपटी वर करून पंख मारू लागली. तिच्या शेजारी दुसरी. मग पाचसहा, ओळीनं, वारा घातल्यासारख्या.

"गेली," मीराबाई म्हणाल्या. "राणी आत गेली. ह्या बाकीच्यांले बोलावून राह्यल्या."

शालूवरच्या माशा एक एक करून उठल्या आणि फटीत शिरू लागल्या. त्याच वेळी विवेक ओरडला.

"आई गं! कान!"

"तू हात झटकला असशील."

"मी काईच नाई केलं व आई! मी निस्ता उभा होतो!"

"पाह्य," मनकर्णाबाई म्हणाल्या, "माशी चावली तं पोराची बोली पुण्याहून परत आली."

सूर्य टेकला होता. मनकर्णाबाईंनी रिकाम्या गुढीला हळदीकुंकू वाहिलं, गूळ दाखवला. गाठींवर शेवटची एक माशी राहिली होती. तिला त्यांनी पदरानं न उडवता हळूच फुंकर घालून उठवलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि मीराबाईंच्या हातावर गाठीचा एक तुकडा ठेवला.

मीराबाईंनी विवेकच्या कानातला काटा काढला. तो कान धरून म्हणाला, "काकू, आता सांगा. माशा कोणाच्या?"

मीराबाईंनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाई गडू पुसत होत्या. "माह्याच," त्या म्हणाल्या. "गुढी माही. पेटीबी माही, घंटागाडीच्या हातून घेतलेली."

मीराबाईंचा चेहरा टोपीच्या जाळीआड दिसला नाही. त्यांनी टोपी काढली, नीट घडी केली. "बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "शब्द दिला तं दिला. विवेक, माह्याजवळ माशा नाईत आता. बॅग भरतो."

त्या फाटकापर्यंत गेल्याही.

"जा न," मागून मनकर्णाबाई म्हणाल्या. "पण माशांले पाहन कोण? मले तं भेव लागते. हे काय हेल्मेट घालून पाह्यतीन?" हेल्मेटनं जोरात नकार दिला. "विवेक, ऐक बापा. तुझ्या आईले मी ठेवून घेतो. ड्युटीवर. सकाळी एक राउंड, संध्याकाळी एक राउंड. सकाळी राउंडले दिसली नाई, तं मी भिंतीवरून आवाज देईन. आवाजाले ओ आली नाई, तं हे भिंतीवरून उडी मारतीन."

"मी?" अण्णाजी म्हणाले.

"तुमी. रेनकोट घालून."

विवेक बराच वेळ कान चोळत राहिला. काकू माशांबद्दल बोलत नव्हत्या, हे त्याला कळलं होतं. न्हाणीघरात आई किती वेळ एकटी पडून होती, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायची त्याची हिंमतच झाली नव्हती.

"अन् काकू, रजा?" त्यानं विचारलं.

"दिवाळीले. आठ दिवस पाठवतो पुण्याले. पण एक अट हाये." मनकर्णाबाईंनी हातातला गडूच मीराबाईंकडे रोखला. "फिनाइल भिंतीच्या तिकडेच राहीन."

"राहीन," मीराबाई फाटकातून म्हणाल्या. आणि लगेच, "पण तो कोळी परत आला तं?"

"आला तं येऊ द्या. त्याचंबी घर हाये."

आता पेटी मनकर्णाबाईंच्या अंगणात, भिंतीला लागून एका ओट्यावर आहे. रोज सकाळी मीराबाई आपल्या फाटकातून निघतात, वळसा घालून शेजारच्या फाटकातून आत येतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि माशांना विचारतात, "काय म्हणते तब्येत?" पुण्याहून संध्याकाळी फोन येतो. हल्ली तो मनकर्णाबाईंना येतो. "काकू, सिस्टर ड्युटीवर आल्या का?"

"आल्या," मनकर्णाबाई सांगतात. "कटकट करून गेल्या."

पेटीला मीराबाई हात लावत नाहीत. शब्द म्हणजे शब्द. पण पेटीखालचा ओटा त्या रोज पुसतात, साध्या पाण्यानं, आणि हळूहळू ओट्यापुढचं अंगणही. मनकर्णाबाईंना हे खिडकीतून दिसतं. त्या अडवत नाहीत. अंगण आयतंच पुसून निघतं.